विमानाला लावलेलं कुंकू

आबा, तुम्ही मला एक प्रश्न विचारत होतात आणि त्याचं उत्तर मी कधी नीट दिलं नाही. आता देता येईल असं वाटतं, म्हणून रविवारी दुपारी मरोळच्या खोलीत, तुम्ही बसायचात त्याच उंबऱ्याशी पाट टाकून लिहायला बसलो आहे. मुलं बाहेर गेली आहेत, तुमची सून आतल्या बाजूला पडली आहे. डोक्यावरून विमानं जातात. तेवढा वेळ लिहिणं थांबतं आणि मग पुन्हा सुरू होतं. तुम्हाला या आवाजाचा राग यायचा. बोलणं अर्धवट तोडून तुम्ही वर बघायचात, आवाज ओसरेपर्यंत गप्प राहायचात आणि मग म्हणायचात, "गेलो एकदाचो सायब."

प्रश्न साधा होता. गिरणीतली बदलीची, कोणी गैरहजर असलं तरच मिळणारी नोकरी सोडून मी विमानतळावर हँगरमध्ये लागलो, तेव्हा तुम्ही तो पहिल्यांदा विचारलात. तुम्ही साचाखात्यातले, म्हणजे मागावरचे, विणकर. लालबागच्या खोलीत जेवायला बसलो होतो, ताटात कुळथाची पिठी होती. तुम्ही भात कालवता कालवता म्हणालात, "मी कापड इणतंय. ता गरीब नेसता, सायबपण नेसता. इमानात बसतत कोण रे? सायब. मग तुझ्या इमानाचो गरिबाक उपेग काय?" मी म्हटलं, पगार बरा आहे, कायमची नोकरी आहे, पुढेमागे राहायला जागाही मिळेल. तुम्ही म्हणालात, "ता तुझो उपेग झालो. मी गरिबाचो इचारलंय." मुंबईत सारा जन्म काढून तुमची भाषा अर्धी गावची आणि अर्धी चाळीची झाली होती, पण महत्त्वाचं काही बोलायचं असलं की ती पुरती गावची व्हायची. त्या दिवशी ती गावची होती. मी आणखी पिठी वाढून घेतली आणि जेवलो. गावच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलेला मी. देशाला विमानकंपनी कशाला लागते हे मला तेव्हा कुठे माहीत होतं? देशाला ती आहे आणि तिथे माणसं घेतायत, एवढंच माहीत होतं.

नंतरची वर्षं तो प्रश्न आपल्या दोघांमध्ये असाच राहिला. पंचांची बैठक असो, कोणाचं लग्न असो, कोणी विचारलं की मुलगा काय करतो, तर तुम्ही म्हणायचात, "इमानां पुसता." लोक हसायचे, मीही हसायचो. मला लागायचं ते मी तुम्हाला दाखवलं नाही. तुमच्या हातात एक वस्तू तयार व्हायची, तिला हात लावता यायचा, ती अंगावर यायची. माझ्या हातून काय व्हायचं? एक विमान आलं तसं परत गेलं, एवढंच. बिघाड झाला नाही, हीच माझी कमाई. न घडलेली गोष्ट बापाला कशी दाखवणार?

तुम्ही निवृत्त होऊन मरोळला आमच्याकडे राहायला आलात, त्यानंतरचा तो दसरा. साठच्या दशकाची मधली वर्षं. नवी जेट विमानं येऊन रुळली होती. गिरणीत दसऱ्याला घरच्या माणसांना आत सोडायचे, साचे झेंडूनं सजवायचे, हे तुम्हीच मला दाखवलं होतं. मी गावाहून नवा आलो तेव्हा तुम्ही माझा हात धरून मला तुमच्या साच्यापर्यंत नेलं होतंत आणि घोड्याच्या मानेवर थोपटावं तसं त्या लोखंडावर थोपटलं होतंत. आमच्या हँगरमध्येही घरच्यांना बोलवायची पद्धत होती. मी तुम्हाला म्हटलं, आबा, या वर्षी या. तुम्ही धुतलेलं धोतर नेसलात, काळी टोपी घातलीत आणि कोणी सांगितलं नसताना एक नारळ, हळदकुंकवाची डबी आणि तांदळाची पुडी पिशवीत टाकलीत. दुसऱ्याच्या यंत्राकडे रिकाम्या हातानं जायचं नसतं, असं तुमचं म्हणणं.

आमच्याकडे पूजेची रीत थोडी वेगळी होती, आजही आहे. नारळ हँगरच्या बाहेर, दूर दगडावर फोडायचा आणि करवंटीचा कपचा न कपचा उचलायचा, कारण इंजिन समोरचं सगळं आत ओढून घेतं. अक्षता टाकायच्या नाहीत. झेंडूच्या माळा शिड्यांना, विमान ओढणाऱ्या ट्रॅक्टरला आणि हत्यारांच्या पेट्यांना. विमानाला कोणी हात लावायचा नाही. खंडेनवमीला प्रत्येक खात्याची काही हत्यारं पाटावर मांडायची आणि दसऱ्याच्या संध्याकाळी उत्तरपूजा होईपर्यंत ती उचलायची नाहीत. म्हणून त्या दिवशी लागणार नाहीत अशीच हत्यारं पूजेत ठेवायची. हे सगळं मी तुम्हाला वाटेत समजावून सांगितलं. तुम्ही ऐकून घेतलंत. आत आल्यावर त्या चकचकीत विमानाच्या पोटाखाली उभे राहून वर बघत म्हणालात, "ह्येची पूजा, आणि ह्येकाच हात लावायचो नाय?" मी म्हटलं, "नाही आबा." तुम्ही म्हणालात, "हात न लावता पूजा कसली रे ती?"

ते विमान संध्याकाळी परदेशी निघणार होतं. काम पुरं झालं होतं, फक्त बाहेर ओढायचं होतं. नाकाच्या बाजूला एक शिडी अजून लावलेली होती. मी प्रसादाचे पेढे आणायला गेलो, तेवढीच उसंत. परत आलो तर तुम्ही शिडीच्या वरच्या पायरीवरून सावकाश उतरत होतात आणि उजव्या हाताचं बोट धोतराच्या सोग्याला पुसत होतात. सोगा लाल झाला होता.

"आबा, कुठे लावलंत?"

"जागा बघूनच लावलंय. अंगावर नाय फासलं कुठंपण. तिथं गोल आखून ठेवलाय ना, तिथंच."

तुमच्या चेहऱ्यावर समाधान होतं. मी शिडी चढलो. विमानाच्या अंगावर, नाकापासून थोडं मागे, रंगानं काढलेलं एक कडं असतं आणि त्याच्या आत बारीक भोकं असतात. त्या भोकांतून बाहेरच्या हवेचा दाब आतल्या यंत्रांना कळतो आणि त्यावरून वैमानिकाला समजतं की आपण किती उंच आहोत आणि किती वेगात आहोत. कडं काढलेलं असतं ते इथे काही लागू नये, रंग लागू नये, धूळ बसू नये म्हणून; बाजूला इंग्रजीत तसं लिहिलेलंही असतं. तुम्हाला इंग्रजी वाचता येत नव्हतं, आणि आलं असतं तरी काय? सगळ्या अंगावर एकच जागा आखलेली, गोल, शिडीवर उभं राहिलं की कपाळाएवढ्या उंचीला. आपल्यातल्या कोणीही तिथेच बोट ठेवलं असतं. ओली हळद आणि त्यावर कुंकू तुम्ही मनापासून दाबून लावलं होतंत. भोकं दिसतच नव्हती.

मी तसाच फोरमनकडे गेलो. फोरमन मरोळचाच, ईस्ट इंडियन ख्रिस्ती माणूस. त्याच्या आजोबांची भातशेती धावपट्टीखाली गेली होती आणि तो ते हसत सांगायचा, "माझा आजा इथं भात लावायचा, मी इमानं लावतो." त्या दिवशी तो हसला नाही. शिडी चढून बघून आला आणि म्हणाला, "वाट लागली. हे नुसतं पुसून भागायचं नाय. नळी साफ करायला लागेल, मग पेटी लावून तपासायला लागेल." ती तपासणीची पेटी कुठे आहे हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. एक टर्मिनलवरच्या दुसऱ्या विमानापाशी होती, तिथलं काम सोडून ती येणार नव्हती. दुसरी पूजेत होती, झेंडूखाली.

मापयंत्रांच्या खात्याचा मेकॅनिक मुलुंडहून यायचा. कोल्हापूरकडचा, तालमीतला गडी, कामाला चोख. पूजा त्यानंच मांडली होती. तो पाटासमोर हात बांधून उभा राहिला. "संध्याकाळच्या आधी नाही उचलायची. माझ्या बापानं कधी उचलली नाहीत, मी पण नाही उचलायचो. दुसऱ्या कुणाला सांगा." फोरमन माझ्याकडे बघून हलक्या आवाजात म्हणाला, "मी कसा सांगू रे? मी सांगितलं की उद्या बोलतील, किरिस्तावानं पूजा मोडली." आणि मी? माझा स्वतःचा बाप तिथेच बसलेला. ज्याच्या तोंडून मी हे सगळं शिकलो, त्याच्यासमोर पूजेतली वस्तू उचलायला मीही धजत नव्हतो. घड्याळ चालू होतं. टर्मिनलवर माणसं येऊन बसली असणार हे सगळ्यांना माहीत होतं आणि आम्ही तीन माणसं एका पाटाभोवती उभे होतो.

तुम्ही तोवर एका पेटीवर बसून होतात. काय चाललंय हे तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं, पण तुम्ही आयुष्यभर गिरणीत होतात. यंत्र अडलं की माणसं कशी उभी राहतात हे तुम्हाला लांबूनही कळायचं. तुम्ही आलात आणि मला विचारलंत, "माझ्यामुळं?" मी हो म्हटलं. भोकांचं काम काय, तेही सांगितलं. तुमचं तोंड एवढंसं झालं. मग तुम्ही फोरमनला विचारलंत, "साहेब, ह्या इमानातून कोण जाणार हत?"

मला वाटतं तो तुमचा जुनाच प्रश्न होता, फक्त आवाज वेगळा होता. फोरमननं टोपी काढून डोकं खाजवलं. "कोण म्हणजे, सगळेच. साहेब लोक आहेत. टपाल आहे. औषधाच्या पेट्या आहेत. आणि खलाशी आहेत एक टोळी, पलीकडच्या बंदरात बोट धरायला चाललेत. ते चुकले तर बोट काय थांबते? दुसरे घेतील आणि जातील."

"खलाशी? खयचे?"

"तुमच्याच बाजूचे बाबा. रत्नागिरीकडचे."

तुम्ही टोपी नीट केलीत, पायातल्या चपला काढल्यात आणि पाटासमोर जाऊन उभे राहिलात. तालमीतल्या त्या गड्याला तुम्ही म्हणालात, "बाळा, तू बरोबर बोलतस. उत्तरपूजा झाल्याबिगर हात लावायचो नाय. पण उत्तरपूजा सांजेकच करूची, ह्या खय लिवलंला हा?" आणि मग तुम्ही जे केलंत ते त्या हँगरमध्ये त्याआधी कधी झालं नव्हतं. गावी रवळनाथाच्या देवळात घालतात तसं तुम्ही खड्या आवाजात गाऱ्हाणं घातलंत.

"बा देवा म्हाराजा! आज तुझ्या लेकरांनी पूजेतली हत्यारां उचलली, ती माजान नाय, अडलेल्या माणसांसाठी उचलली, रे म्हाराजा!"

त्या उंच पत्र्याखाली आवाज घुमला. इंजिनखात्यात, पत्र्याच्या खात्यात, शिड्या ओढणाऱ्यांत, किती तरी जण आपल्या बाजूचे होते. झेंडूच्या माळा, पेढे, बायकामुलं सोडून सगळे वळले आणि सवयीनं, विचार न करता, एकदम ओरडले, "व्हय म्हाराजा!"

"काय चुकला-माकला आसात, तर ता माझ्या एकट्याच्या पदरात घाल, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि ह्या इमानात जे कोण बसतले, गरीब बसतले, सायब बसतले, त्या सगळ्यांका जयच्या थय सुखरूप पोचव, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" या वेळी फोरमनचाही आवाज होता. मी त्याच्या शेजारीच उभा होतो, मला स्पष्ट ऐकू आला.

तुम्ही तांदळाचे चार दाणे पाटावरच टाकलेत, बाहेर एक पडू दिला नाहीत. मग स्वतःच्या हातानं पेटीवरचा झेंडू बाजूला केलात आणि ती त्या मुलुंडच्या गड्याच्या हातात दिलीत. त्यानं ती कपाळाला लावली आणि धावत सुटला. मी फडकं घेऊन शिडीकडे निघालो, पण पायरीशी माझा पाय अडला. सणाच्या दिवशी, पूजेतल्या वस्तूच्या अंगावरचं कुंकू पुसायचं. आपल्यात हे काय असतं, तुम्हाला सांगायला नको. तुम्ही मागे होतात. म्हणालात, "पुसून टाक. मी लायलंय, मीच सांगतंय. पूस." मी पुसलं.

विमान उशिरा सुटलं, पण सुटलं. सुटायच्या आधी, तपासणी चालू होती तेव्हाच फोरमननं मला म्हटलं, तू बाबांना घेऊन जा, बाकीचं मी बघतो. तुम्ही घरी यायला तयार नव्हता. ते लोक बघायचे, म्हणालात. मग आपण टर्मिनलच्या बाहेरच्या कठड्याशी जाऊन उभे राहिलो. खलाशी ओळखायला वेळ लागला नाही. नवे कोट, जुन्या पेट्या, पेटीला काथ्याची दोरी. एका म्हाताऱ्या खलाशानं तुमच्याकडे बघून विचारलं, "चाचा, कोनाला सोडायला आलात?" तुम्ही म्हणालात, "तुमकाच." तो हसला. त्याला वाटलं गंमत केलीत. मग तुम्ही दोघं गावं विचारत बसलात, खाडीच्या अलीकडचं कुठलं, पलीकडचं कुठलं. त्यानं सांगितलं की आधी बोट धरायला बोटीनंच जावं लागायचं, महिनाभर बिनपगारी. आता कंपनी विमानाचं तिकीट काढते, म्हणून आमच्या माणसांना बोलावणं येतं. "इमान नसतं तर त्यांनी जवळचेच कोनी घेतले असते, चाचा. आमाला कोन इचारतो?" तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत. मी मात्र तुमच्याकडेच बघत होतो.

त्यानंतर कितीतरी दिवस तुम्ही नीट जेवत नव्हतात. मी कामावरून आलो की पहिला प्रश्न, "त्येंका बोट गावली काय रे?" मी म्हणायचो, गावली असेल. तुम्ही म्हणायचात, "आसात म्हणजे काय?" शेवटी फोरमननं चौकशी केली. तेच वैमानिक परत आले तेव्हा त्यांच्याकडून निरोप मिळाला. मी घरी आलो तेव्हा तुम्ही याच उंबऱ्यावर बिरड्याचे वाल सोलत बसला होतात. मी म्हटलं, "आबा, गावली बोट. सगळे चढले." तुम्ही हातातला वाल सोललात, भांड्यात टाकलात आणि आत आवाज दिलात, "सूनबाई, आज नारळ जरा जास्त घाल गं." बस, एवढंच. मला ताकीद मिळाली आणि पुढच्या वर्षीपासून घरच्यांसाठी दोरी बांधली गेली, तिच्या आत कोणी यायचं नाही. तुम्ही पुन्हा आला नाहीत. आणि तो प्रश्नही पुन्हा विचारला नाहीत. तुमचं समाधान झालं होतं की माझ्यावर दया करून तुम्ही गप्प राहिलात, हे मला कळलं नाही. विचारीन विचारीन म्हणता तुम्ही गेलात.

म्हणून आता सांगतो. तुम्ही गेल्यानंतर मी जे बघितलं, ते तुमच्यापुढे ठेवायचं आहे. पूर्वी आमची इंजिनं जुनी झाली, थकली, की लाकडी खोक्यात घालून परदेशी पाठवावी लागायची आणि त्याचे पैसे आपल्याला परक्या चलनात मोजावे लागायचे. ते चलन आपण मिळवतो कसं, तर चहा विकून, ताग विकून, तुमच्यासारख्यांनी विणलेलं कापड विकून. आज ती इंजिनं इथेच उघडतात, इथेच जोडतात. ज्यानं तेव्हा पूजेतल्या पेटीला हात लावायला नकार दिला होता तो मुलुंडचा गडी आज पोरांना शिकवतो, आणि त्याच्या हाताखालून गेलेले काही जण आता दुसऱ्या देशांच्या विमानांना हात लावतात. गिरणीत तुम्ही म्हणायचात, कापड कोणीही विकत आणेल, साचा दुरुस्त करता आला पाहिजे. देशाचंही तेच आहे, आबा.

आखाती देशांत कामं निघाली आहेत. सांताक्रूझला जाऊन उभं राहिलं की सुतार, गवंडी, वायरमन दिसतात, आपल्याकडचे, केरळातले, गळ्यात हार, हातात पत्र्याची ट्रंक, बायको कठड्याशी. ते साहेब नाहीत. त्यांच्या पाठवलेल्या पैशावर गावात कौलं बदलतायत, आपल्या वाडीतसुद्धा. देवगडचा हापूस पेट्यांत भरून रात्रीतून परदेशी जातो. धाकट्या काकांचा मुलगा बागेत गवत घालून आंबे ठेवतो आणि मला विचारतो, दादा, विमानात यांना थंडी वाजत नाही ना? साकीनाक्याच्या धोबीघाटावर विमानातले टॉवेल वाळतात. घाटकोपरच्या एका चाळीत बायका उशांचे अभ्रे शिवतात, त्यावर कंपनीची खूण भरतात आणि त्यातली एकही अजून विमानात बसलेली नाही. मरोळच्या गल्लीत तुम्ही होतात तेव्हा दोन दुकानं होती, आता वाण्यापासून शिंप्यापर्यंत सगळे आहेत आणि प्रत्येकाचं उधार-रोख कुठे ना कुठे त्या धावपट्टीशी जाऊन मिळतं.

सगळं चांगलंच आहे असं नाही. तोटा होतो. पुढारी फुकट बसतात, त्यांच्यासाठी गरजू माणसाला उतरवतात, हे मी डोळ्यांनी बघितलं आहे. संप होतात, त्यात आम्हीही असतो. धावपट्टी वाढते तेव्हा कोणाचं तरी शेत जातं आणि ज्याचं जातं त्याला विमानात जागा मिळत नाही. फोरमनच्या घरात आजोबांचं औत अजून भिंतीला टांगलेलं आहे. पण एसटी आपल्या घाटात पहिल्यांदा आली तेव्हा तीही तोट्यातच चालत होती, आणि खोत म्हणाला होता, कुळांना गाडी कशाला, चालायची सवय आहे त्यांना. तुम्ही खोताला काय उत्तर दिलं होतंत, ते गावात अजून सांगतात. मी तेच उत्तर तुम्हाला देतो आहे, एवढंच: स्वतःची गाडी नसलेल्या गावाला दुसऱ्याच्या गाडीची वेळ पाळावी लागते. लढाईच्या दिवसांत बाहेरच्या काही कंपन्यांनी वाट वळवली. त्यांना दोष नाही, त्यांचा देश हा नव्हे. त्या दिवसांत आम्ही पाळ्या न मोजता हँगरमध्ये राहिलो आणि आपली विमानं उडत राहिली. आफ्रिकेतल्या एका देशानं आपल्या लोकांना हाकललं तेव्हा त्यातली काही कुटुंबं आपल्या विमानातून उतरली. एका म्हातारीनं पायऱ्या उतरल्यावर आधी जमिनीला हात लावला, मग वळून विमानाच्या पायरीला. मी शिडीशीच उभा होतो. मला तुमची आठवण झाली. त्या क्षणी तुम्ही शेजारी असतात तर मला काहीच बोलावं लागलं नसतं.

देवाचंही सांगतो, कारण तुम्ही काळजी केली असतीत. ते कुंकू पुसलं त्याचं मला पुढे कधी भय वाटलं नाही. तुम्ही गाऱ्हाण्यात मागितलंत ते मिळालं. ते विमान पुढे कितीतरी वर्षं उडलं आणि कोणाच्या केसाला धक्का लागला नाही. रोज सकाळी पाळीवर जाताना मी तुमच्याच शब्दांत मनात म्हणतो, गरीब बसतले, सायब बसतले. देवाला यादी वाचून दाखवावी लागत नाही, पण म्हटल्यावर मला कामाला हात चांगला लागतो.

तर हे उत्तर, आबा. गरिबाचो उपेग. मी ते वर्षानुवर्षं गोळा केलं, जिथे दिसेल तिथून उचललं, आणि त्यातलं एकही खोटं नाही. तुमच्यासमोर उभा राहून आता मी ते सांगू शकेन. पत्र पाठवायला पत्ता नाही आणि असता तरी मी ते पाठवलं नसतं, कारण इथवर लिहिल्यावर मला एक गोष्ट दिसते आहे आणि ती तुमच्या हाती पडावी की नाही हे ठरत नाही. गिरणी सोडायच्या आधी मी एका सुट्टीच्या दिवशी विलेपार्ल्याला कोणाकडे तरी गेलो होतो. ताडांच्या रांगेमागून एक विमान वर निघालं. पोट चकाकत होतं, चाकं हळूहळू आत गेली आणि मी रस्त्याच्या मधोमध उभा राहिलो, मागच्या टांगेवाल्यानं शिव्या घातल्या तरी हललो नाही. देश, गरीब, पगार, जागा, काही म्हणजे काही मनात नव्हतं. मला ते आवडलं होतं, आबा. फक्त आवडलं होतं, म्हणून मी गेलो.